बायबलमधली गावं आणि त्यांची दोन बारशी

तुमचा प्रश्न असा आहे. मंडळीतल्या अभ्यासवर्गासाठी बायबलमधल्या गावांच्या नावांची अर्थासह यादी करायला घेतली. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, यरुशलेम म्हणजे शांतीचं नगर, बाबेल म्हणजे घोटाळा, इथपर्यंत ठीक चाललं. मग बैर-शेबापाशी गाडी अडली. एका ठिकाणी 'सात विहिरी' सापडलं, दुसरीकडे 'शपथेची विहीर', तिसरीकडे 'सातांची विहीर'. यातला खरा अर्थ कोणता, आणि एका नावाचं असं असेल तर बाकीच्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा?

मी गेली 27 वर्षं मराठी विद्यार्थ्यांना हिब्रू शिकवतो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी वर्गात येतो. माझं उत्तर तेव्हाही हेच असतं: यातल्या पुष्कळ गावांचं बारसं दोनदा झालं आहे. पहिलं केलं तिथे आधीपासून राहणाऱ्यांनी. झरा होता, झाड होतं, टेकडी होती, एखाद्या दैवताचं ठाणं होतं, त्यावरून नाव पडलं. दुसरं बारसं कथेने केलं. तिथे काहीतरी घडलं, आणि जुन्या नावाच्या उच्चारात लोकांना त्या घटनेचा शब्द ऐकू येऊ लागला. पहिला अर्थ शोधायला व्याकरण, जुने लेख आणि प्रत्यक्ष जमीन लागते. दुसरा अर्थ शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतःच सांगतं. तुमच्या यादीत अर्थाला एकच रकाना आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

बैर-शेबाच बघू. 'बैर' म्हणजे माणसाने खणलेली विहीर, यात वाद नाही. पेच 'शेबा'चा आहे. हिब्रूत अक्षरं तीनच: शीन, बेथ, आयिन. ती 'शेवा' अशी वाचली की अर्थ 'सात'. याच तीन अक्षरांचं क्रियापद 'निश्बा', म्हणजे 'त्याने शपथ घेतली'. उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात गरारचा राजा अबीमलेख याच्या चाकरांनी विहीर बळकावल्याची तक्रार अब्राहाम करतो आणि कळपातल्या सात मेंढ्या बाजूला काढून उभ्या करतो. अबीमलेख विचारतो, या सात कशासाठी? अब्राहाम म्हणतो, ही विहीर मी खणली याची साक्ष म्हणून त्या माझ्या हातून घे. आणि लगेच पुढचं वाक्य येतं: म्हणून त्या ठिकाणाला बैर-शेबा म्हणतात, कारण तिथे त्या दोघांनी शपथ वाहिली. बारकाईने वाचा. मेंढ्या सात आहेत, पण नावाचं कारण शपथेचं दिलं आहे. लिहिणाऱ्याने दोन्ही अर्थ एकाच दाव्याला बांधले आहेत. पुढे 26व्या अध्यायात इसहाकाच्या वेळी पुन्हा शपथ होते, पुन्हा विहिरीला पाणी लागतं आणि पुन्हा तेच नाव पडतं.

सात आणि शपथ यांचं नातं मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. सप्तपदीचं सातवं पाऊल पडल्यावर लग्न पक्कं होतं. हिब्रूतही शपथ घेणं म्हणजे जणू स्वतःला सातात बांधून घेणं. म्हणून तुमच्या यादीत 'सातांची विहीर' आणि 'शपथेची विहीर' दोन्ही ठेवा. 'सात विहिरी' तेवढं खोडून टाका. 'बैर' एकवचनी आहे. अनेक विहिरींना हिब्रूत 'बएरोथ' म्हणतात, आणि त्या नावाचं वेगळंच गाव यहोशवाच्या पुस्तकात आहे.

बैर-शेबाबद्दल अजून एक. 'दानापासून बैर-शेबापर्यंत' हा शब्दप्रयोग शास्त्यांच्या आणि शमुवेलाच्या पुस्तकांत वारंवार येतो. उत्तरेचं टोक दान, दक्षिणेचं बैर-शेबा. आपण 'आसेतुहिमाचल' म्हणतो तसा. आज त्या दक्षिण टोकाला मराठी कानावर पडते, कारण कोकणातून गेलेली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं बैर-शेबा आणि दिमोना या भागात मोठ्या संख्येने राहतात. दिमोना हे नावही यहोशवाच्या पुस्तकातल्या यहूदाच्या गावांच्या यादीतून घेतलेलं आहे.

आता 'म्हणून त्या ठिकाणाचं नाव अमुक पडलं' या वाक्याकडे वळू. उत्पत्तीपासून शमुवेलापर्यंत ते पुन्हा पुन्हा भेटतं, आणि नवा वाचक त्याला शब्दकोशातली नोंद समजतो. ती शब्दकोशातली नोंद नाही. बाबेलचंच उदाहरण घ्या. शास्त्र म्हणतं, परमेश्वराने तिथे सगळ्या पृथ्वीची भाषा घोटाळ्यात टाकली, म्हणून ते बाबेल. हिब्रूत 'बालाल' म्हणजे कालवणं, मिसळून टाकणं. पण त्या शहराचे रहिवासी आपल्या अक्कादी भाषेत त्याला 'बाब-इली' म्हणत, म्हणजे देवाचं दार. अरबीतला 'बाब' हा त्याच 'दारा'चा भाऊबंद. शब्दाच्या मुळाशी घोटाळा कुठेच नाही. मग शास्त्र चुकलं का? मला तसं कधीच वाटलं नाही. ज्या शहराने स्वतःला देवाचं दार म्हणवून घेतलं, त्याचं नाव आपल्या कानांना कसं ऐकू येतं ते हिब्रू कथाकार सांगतो आहे: तुम्ही त्याला दार म्हणा, आम्हाला त्यात कालवाकालव ऐकू येते. आपल्याकडे नाशिकला शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक असं सांगतात, तर कुणी नऊ शिखरांवरून नाव पडलं म्हणतं. अशी नावाची गोष्ट गावाबरोबर चालत राहते आणि गावाला आठवण पुरवते.

काही नावं मात्र पूर्णपणे कथेचीच आहेत, आणि तिथे दोन रकाने करायची गरज नाही. इसहाकाच्या विहिरी मला सगळ्यांत जवळच्या वाटतात. गरारच्या खोऱ्यात त्याची माणसं एक विहीर खणतात, वाहतं पाणी लागतं, आणि तिथले गुराखी भांडायला येतात की पाणी आमचं. तो विहिरीचं नाव ठेवतो 'एसेक', तंटा. दुसरी खणतात, तिच्यावरूनही वाद. नाव 'सितना', वैर. (याच धातूतून 'सातान' आला, आणि मराठीतला 'सैतान' अरबीतून आला असला तरी त्याच गोत्राचा आहे.) मग तो तिथून उठतो, पुढे जाऊन तिसरी खणतो. तिच्यावर कुणी भांडत नाही. तिचं नाव 'रहोबोथ', मोकळी जागा. बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून पिढ्यान् पिढ्या चाललेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही तीन नावं वाचताना इसहाक परका वाटणार नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक फरक पक्का लक्षात ठेवा, कारण भाषांतरात तो पुसला जातो. 'ऐन' किंवा 'एन' म्हणजे जमिनीतून आपोआप फुटलेला झरा. हाच शब्द 'डोळा' या अर्थानेही येतो. 'बैर' म्हणजे खणून पाणी लागलेली विहीर. आणि 'बोर' म्हणजे खडकात खोदलेलं, पावसाचं पाणी साठवायचं टाकं, आपल्या किल्ल्यांवर असतं तसं. एन-गेदी म्हणजे करडाचा झरा. मृत समुद्राच्या काठाजवळ, समुद्रसपाटीहून खाली असलेल्या त्या रखरखाटात हा झरा आहे आणि तिथे आजही रानबकऱ्या पाण्यावर येतात. हा फरक माहीत असला की यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायातलं वाक्य वेगळ्याच धारेने लागतं. देव म्हणतो, माझ्या लोकांनी मला, जिवंत पाण्याच्या झऱ्याला, सोडलं आणि स्वतःसाठी टाकी खोदली, फुटकी टाकी, ज्यांत पाणी राहत नाही. डोंगरी मुलखात टाक्याला चीर गेली की उन्हाळ्यात काय होतं, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत होतं.

झाडं, प्राणी आणि चढ-उतार यांची नावं सोपी आहेत. वडगाव, पिंपळगाव, चिंचवड म्हणणाऱ्यांना ती लगेच कळतात. लूज म्हणजे बदाम, रिम्मोन म्हणजे डाळिंब, तप्पूहा म्हणजे सफरचंद, शिट्टीम म्हणजे बाभळीच्या जातीची झाडं, अय्यालोन हरणांवरून, अक्रब्बीमची चढण विंचवांवरून. गिबा, गिबोन, गिबा शौलाचा, ही सगळी टेकडीची नावं. रामा म्हणजे उंचवटा, मिस्पा म्हणजे टेहळणीची जागा. शखेम म्हणजे खांदा, आणि गरिज्जीम आणि एबाल या दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत वसलेलं ते गाव नकाशावर पाहिलं की नाव पटतं. लबानोन पांढरा, शिखरावरच्या बर्फामुळे.

दिशांवर थोडं थांबायला हवं, कारण इथे मराठी वाचकाला जे सहज दिसतं ते इंग्रजीतून वाचणाऱ्याला सहसा दिसत नाही. हिब्रू माणूस उगवतीकडे तोंड करून उभा राहतो. समोर आहे ते 'केदेम', म्हणजे पूर्व. उजवीकडे 'यामीन', म्हणजे दक्षिण. डावीकडे 'स्मोल', म्हणजे उत्तर. उत्पत्तीच्या 14व्या अध्यायात दिमिष्काच्या (आजच्या दमास्कसच्या) 'उत्तरेस' असलेला होबा मूळात दिमिष्काच्या 'डावीकडे' आहे. बन्यामीन म्हणजे उजव्या हाताचा मुलगा, आणि त्याच्या वंशाचा मुलूख एफ्राइमाच्या दक्षिणेला. अरबस्तानातल्या येमेनचं नावही याच धातूशी जोडतात. पाठीमागचा समुद्र, 'हा-याम हा-अहरोन', म्हणजे पश्चिमेचा भूमध्य समुद्र. आता आपली भाषा बघा: पूर्व म्हणजे पुढची, दक्षिण म्हणजे उजवी, प्रदक्षिणेतली दक्षिण, पश्चिम म्हणजे मागची. दोन्ही भाषांतली माणसं एकाच सूर्याकडे तोंड करून उभी राहिली.

याचा उपयोग फक्त गमतीपुरता नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने एदेनात बाग लावली ती 'मिक्केदेम'. याचा अर्थ 'पूर्वेकडे' असा करतात, पण 'केदेम' म्हणजे प्राचीन काळही, आणि लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने तो शब्द 'आरंभापासून' असा घेतला. इतर भाषांना दोनातला एक अर्थ निवडावा लागतो. मराठीत मात्र 'पूर्वेकडे' आणि 'पूर्वी' एकाच मुळातून येतात. ज्या दिवशी हे मला सुचलं त्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, आणि वर्गाला पुढे फार काही सांगावं लागलं नाही.

आता तुमच्या यादीतलं सर्वांत मोठं नाव. यरुशलेम म्हणजे शांतीचं नगर, हे प्रवचनात हमखास येतं. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात मलकीसदेकाला 'शालेमचा राजा, म्हणजे शांतीचा राजा' म्हटलं आहे, तेव्हा त्या अर्थाला शास्त्राचाच आधार आहे. पण पहिलं बारसं त्याहून फार जुनं. 1887 मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या विटांवर कोरलेली पत्रं सापडली. ती इ.स.पू. चौदाव्या शतकातली, कनानातल्या छोट्या राजांनी फारोला लिहिलेली. त्यांत अब्दी-हेबा नावाचा राजा आपल्या शहराचं नाव 'उरुसलिम' असं लिहितो. दाविदाने ते शहर घेण्याच्या साडेतीनशे वर्षं आधीची ही गोष्ट. शहर इस्राएलाचं नव्हतं तेव्हाही नाव तेच होतं.

त्या नावाचा पहिला भाग 'यारा', म्हणजे पाया घालणं. इयोबाच्या 38व्या अध्यायात देव पृथ्वीची कोनशिला कुणी बसवली असं विचारतो, तिथे हेच क्रियापद आहे. दुसरा भाग शालेम. हे कनानी दैवताचं नाव असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारित इथल्या मातीच्या पाट्यांमध्ये शाहार आणि शालिम ही देवांची जोडी येते, एक पहाटेचा देव, दुसरा तिन्हीसांजेचा. म्हणजे मूळ अर्थ 'शालेमने घातलेला पाया' असा काहीतरी. प्रवचन देणाऱ्याला हे ऐकून धक्का बसतो. बसू नये. संध्याकाळच्या देवाचं नाव शालिम का? शीन-लामेद-मेम या धातूचा अर्थ पुरं होणं. दिवस पुरा झाला की सांज. माणसाचं, घराचं, देशाचं काही उणं राहिलं नाही की 'शालोम'. मराठीत आपण म्हणतो तो 'सलाम' याच धातूचा. तेव्हा 'शांती' हा अर्थ उपरा नाही, तो त्याच मुळातून पुढे वाढलेला आहे. 122वं स्तोत्र मोठ्याने हिब्रूत म्हणून बघा: 'शाअलू श्लोम यरुशालायिम, यिश्लायू ओहवायिख'. यरुशलेमेच्या शांतीसाठी प्रार्थना करा, तुझ्यावर प्रीती करणारे सुखी असोत. श आणि ल ओळभर वाजत राहतात. तुमच्या यादीच्या पहिल्या रकान्यात 'शालेमचा पाया', दुसऱ्यात 'शांती' लिहा. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

दैवतांची नावं पोटात घेऊन बसलेली गावं बरीच आहेत. बेथ-शेमेश म्हणजे सूर्याचं घर, सूर्यदेवाचं ठाणं. अनाथोथ हे अनाथ देवीच्या नावावरून (मराठी 'अनाथ'शी त्याचा काही संबंध नाही, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगावं लागतं). आणि याच अनाथोथ गावचा यिर्मया, जो आयुष्यभर परक्या दैवतांविरुद्ध बोलला. त्याने गावाचं नाव बदललं नाही. नावात जुनं दैवत राहतं, माणसाची श्रद्धा पुढे जाते. बेथेल तर उलट दिशेने गेलं. आधीचं लूज, बदाम. याकोबाने उशाला दगड घेतला, शिडीचं स्वप्न पाहिलं आणि त्याला बेथेल, देवाचं घर, म्हटलं. पुढे तिथे सोन्याचं वासरू बसवलं गेलं, तेव्हा होशेयाने त्या गावाला 'बेथ-आवेन' म्हणायला सुरुवात केली. आवेन म्हणजे अधर्म, पोकळपणा. गावकऱ्यांसमोर त्यांच्या गावाचं नाव असं बदलून घेणं किती झोंबलं असेल.

संदेष्ट्यांच्या हातात ही नावं शस्त्र होतात. आमोसाच्या पाचव्या अध्यायात 'हगिलगाल गालो यिग्ले', गिलगाल नक्कीच पाडावपणात जाईल. गिलगाल म्हणजे मुळात गोल, दगडांचं वर्तुळ. यहोशवाच्या पुस्तकात देव तिथे म्हणतो, आज मी मिसराची निंदा तुमच्यावरून लोटून दिली, आणि 'गालाल', लोटणं, हा अर्थ नावाला चिकटतो. आमोस त्याच ग आणि ल मध्ये तिसराच अर्थ ऐकतो, 'गाला', परदेशी नेलं जाणं. एका गावाच्या नावात वर्तुळ, सुटका आणि पाडाव, तिन्ही.

पण या कलेचा कळस मीखाच्या पहिल्या अध्यायात आहे आणि तो मराठी भाषांतरात जवळपास हरवतो. मीखा मोरेशेथचा, यहूदाच्या उताराच्या मुलखातला. अश्शूरी सैन्य याच मुलखातून येणार हे त्याला दिसत होतं, आणि तो शेजारच्या गावांची नावं एकेक करून उच्चारतो. बेथ-अफ्रा, तू धुळीत लोळ, कारण 'आफार' म्हणजे धूळ. लाखीश, रथाला घोडे जुंप, घोड्याला 'रेखेश'. अखजीबची घरं फसवी ठरतील, 'अखजाब' म्हणजे फसवणूक. आपण समजा असं म्हटलं की धुळ्या, तू धुळीला मिळणार, तर धुळ्याच्या माणसाच्या काळजाला काय होईल? तसं. हा शब्दांचा खेळ नाही, आक्रोश आहे. आपल्याच गावांची नावं घेऊन केलेला विलाप आहे. इ.स.पू. 701 मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब याने लाखीश घेतलं. आपण यहूदाची 46 तटबंदीची शहरं घेतली असं त्याने स्वतः कोरून ठेवलं आहे, आणि लाखीशच्या वेढ्याची शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती पाहताना मीखाची ओळ आठवली की शिल्पातल्या, बैलगाडीवर बसून गाव सोडणाऱ्या बाया अनोळखी राहत नाहीत.

तुम्ही विचारलं होतं की ही ठिकाणं आज ओळखली कशी. मोठं काम अरबी गावकऱ्यांनी केलं, नकळत. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक आणि अरबी उत्तम बोलणारा एलाय स्मिथ यांनी पॅलेस्टाईनमधून प्रवास केला आणि वाटेतल्या गावकऱ्यांकडून गावांची, टेकड्यांची, झऱ्यांची नावं विचारून घेतली. अनाता म्हणजे अनाथोथ, जेबा म्हणजे गेबा, बेतीन म्हणजे बेथेल, सेलून म्हणजे शिलो. दीड-दोन हजार वर्षं सत्ता बदलल्या, भाषा बदलली, तरी शेतकऱ्याच्या तोंडात नाव टिकलं. अल-जीब हे गाव म्हणजे गिबोन, हाही त्यांचा अंदाज होता. 1956 पासून जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे खोदकाम केलं तेव्हा मातीच्या घागरींचे कान सापडले, त्यांवर हिब्रू अक्षरांत कोरलेलं 'गिबोन'. घागर कुठली ते ओळखू यावं म्हणून कुणीतरी कानावर गावाचं नाव ओढलं होतं.

शखेमजवळ मात्र जुनं नाव हरलं. रोमनांनी तिथे 'फ्लाविया नेआपोलिस', नवं शहर, वसवलं. अरबीत 'प' नाही, म्हणून त्याचं 'नाब्लुस' झालं. आणि आय हे गाव? हिब्रूत 'हा-आय' म्हणजे 'तो ढिगारा'. जिवंत गावाला कुणी ढिगारा म्हणत नाही, म्हणजे हे नाव गाव पडल्यानंतरचं. बहुतेक अभ्यासक आय म्हणून ज्या जागेकडे बोट दाखवतात तिचं अरबी नाव 'अत्-तेल' आहे, त्याचा अर्थही 'ढिगारा'च.

मराठी रूपांबद्दल. तुम्ही लिहिलं होतं की इंग्रजी उच्चार जास्त 'मूळ' असतील असं वाटतं. उलट आहे. ग्रीकमध्ये 'श' नव्हता, आणि इंग्रजीत आलेली बरीच नावं ग्रीक आणि लॅटिनमधून गाळून आली. मराठी बायबलातला 'श' सरळ हिब्रूचा आहे: यरुशलेम, शमुवेल, मोशे, शलमोन. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकून, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. काम जेमतेम पुरं करून 1922 मध्ये त्या गेल्या. एक अक्षर मात्र देवनागरीला पेलत नाही, ते म्हणजे आयिन. गज्जा (आजचं गाझा) या शहराचं हिब्रू नाव 'अज्जा', बलवान, पण त्याचं पहिलं व्यंजन घशातून येतं. ग्रीकांनी ते 'ग' लिहिलं, अरबीत नाव 'ग़ज़्ज़ा' राहिलं आणि मराठीत 'गज्जा' झालं. गमोराचंही तसंच, हिब्रूत 'अमोरा'.

बेथलेहेमवर मी मुद्दाम शेवटी आलो. 'बेथ' म्हणजे घर, 'लेहेम' म्हणजे भाकरी. तुमचा अर्थ बरोबर आहे. काही जण 'लहमू' या दैवताचं नाव त्यात शोधतात, पण मला भाकरी पुरेशी वाटते, कारण गावाच्या पायथ्याशी जवाची आणि गव्हाची शेतं होती. अरबीत 'लहम' म्हणजे मांस आणि गावाचं अरबी नाव 'बेत लहम'. दोन्ही भाषांत धातू एकच, ज्याच्या जेवणात जे मुख्य त्याला ते नाव. रूथचं पुस्तक हे नाव माहीत असल्याशिवाय वाचू नका. पहिल्याच ओळीत देशात दुष्काळ पडतो आणि भाकरीच्या घरातून एक कुटुंब भाकरीसाठी बाहेर पडतं. नामी सगळं गमावून परत येते आणि गावच्या बायकांना म्हणते, मला नामी, मनोरम, म्हणू नका, मारा म्हणा, कडू. ती परत येते तेव्हा सातूच्या कापणीला सुरुवात झालेली असते.

हिब्रूत बेथलेहेमच्या माणसाला 'बेथ-हल्लाहमी' म्हणतात, शेवटी 'ई' लावून. मराठीत तिथे आपसूक 'कर' येतो: इशाय बेथलेहेमकर, नासरेथकर येशू. कोकणात आलेल्या बेने इस्रायलांनी याच पद्धतीने रोह्यावरून रोहेकर, पेणवरून पेणकर, किहीमवरून केहिमकर अशी आडनावं घेतली. त्यांचा कोकणातला धंदा तेल गाळण्याचा होता, आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. काही वर्षांपूर्वी अलिबागच्या इस्रायल आळीत एका आजींच्या ओसरीवर बसून आम्ही नावांबद्दल बोलत होतो. त्यांनी सहज विचारलं, ते ख्रिस्ती लोक म्हणतात ना गेथशेमाने, त्याचा अर्थ काय? मी सांगितलं, 'गथ' म्हणजे पिळायची जागा, 'शमाने' म्हणजे तेलं. जैतुनाच्या डोंगरावरचा तेलाचा घाणा. आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि अंगणाच्या कोपऱ्यात पडलेल्या, मधे घासून गुळगुळीत झालेल्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या आजोबांचं गेथशेमाने ते."

तुमच्या यादीत गेथशेमानेपुढे मी 'तेलाचा घाणा' असंच लिहीन. 'जैतुनाची बाग' लिहू नका. बाग योहानाच्या शुभवर्तमानात आहे, नावात नाही.